शेवटचा मुक्काम गिरड

लांबच्या सायकलप्रवासात सर्वांत कमी विचार होतो तो शेवटाचा. सामान, सराव, मुक्काम यांची आखणी आठवडेच्या आठवडे चालते आणि प्रवास संपवायचा कुठे, हे मात्र ‘पाहू पुढचं पुढे’ म्हणून सोडून दिले जाते. ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत कापायच्या सायकलफेरीत, म्हणजे ब्रेव्हेमध्ये, हा प्रश्न येत नाही, कारण तिथे शेवट घड्याळ ठरवते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत. मुदत उलटली की अंतर कापूनही ब्रेव्हे अपुरीच. अमेरिकेतली ‘रॅम’ ही शर्यत पश्चिम किनाऱ्यावर सुरू होते आणि सुमारे ४,८०० किलोमीटरनंतर पूर्व किनाऱ्यावर संपते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती २०१८ मध्ये एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पूर्ण केली. पुढे समुद्रच आला, मग वाद कसला?

आडवाटेने, स्वतःच्या चालीने खेडोपाडी फिरणाऱ्याला ना घड्याळ असते ना समुद्र. त्याच्या प्रवासाचे नाते शर्यतीपेक्षा यात्रेशी जवळचे आणि यात्रा कशी संपवावी याची जाण वर्धा जिल्ह्याला जुनी आहे. विनोबा भावे १९५१ मध्ये पवनारहून बाहेर पडले आणि भूदानासाठी देश पायी तुडवून १९६४ मध्ये पवनारलाच परतले. हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमटे यांनी १९८५ च्या डिसेंबरात तरुण सायकलस्वारांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे ‘भारत जोडो’ अभियान काढले. अंतर पाच हजार किलोमीटरहून जास्त. पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना सायकल चालवणे तर सोडाच, बसणेही शक्य नव्हते. ते गाडीत आडवे पडून सोबत होते. १९८८ मध्ये दुसरे अभियान अरुणाचलातल्या इटानगरहून गुजरातेतल्या ओख्यापर्यंत गेले. दोन्ही वेळा देशाची दोन टोके हाच कार्यक्रम होता. वाटेतली गावे मात्र खरे काम करून घेत.

विदर्भात चार-आठ दिवस फिरणाऱ्या साध्या सायकलस्वाराला एवढी टोके नकोत. त्याला एक ठिकाण पुरते आणि त्यासाठी समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडइतके नेमके ठिकाण या भागात क्वचितच सापडेल. गाव टेकडीच्या पायथ्याशी, टेकडीवर शेख ख्वाजा फरीद बाबांचा दर्गा. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने नोंदवलेल्या परंपरेनुसार बाबा तीस वर्षे फकिरी वेषात भटकले आणि १२४४ च्या सुमारास इथे स्थिरावले. म्हणजे गिरडची कीर्तीच मुळी एका लांबच्या भटकंतीच्या शेवटावर उभी आहे. दर्शनाला हिंदू आणि मुसलमान दोघेही येतात. टेकडीवर जायफळाएवढे गोल खडे विखुरलेले दिसतात. बाबांची थट्टा करणाऱ्या दोन फिरत्या व्यापाऱ्यांचा माल दगड झाला, तोच हा, असे सांगतात. भूशास्त्राचे म्हणणे असे की काळ्या पाषाणाच्या लाव्हात वायूचे बुडबुडे राहिले, त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइटसारखी खनिजे भरली आणि भोवतालचा खडक झिजल्यावर त्या गाठी मोकळ्या झाल्या. व्यापाऱ्यांची गोष्ट अधिक रंगतदार, यात शंका नाही.

गिरडला येणारी वाट उमरेडकडून असो की हिंगणघाट-समुद्रपूरकडून, शेवटचा टप्पा आखूड ठेवावा. थकलेल्या पायांपेक्षा ‘आता काय, पोचलोच’ ही भावना जास्त घातक असते. पडझड, चुकलेली वळणे आणि पाण्याविना काढलेले तास बहुधा तिच्यामुळेच पदरी येतात. शिवाय हा जंगलालगतचा मुलूख आहे. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याचे जंगल फार लांब नाही आणि वाघ अभयारण्याच्या हद्दीच्या पाट्या वाचत नाहीत. रानडुकरे आणि रोही तर पहाटे व दिवेलागणीला रस्ता ओलांडतातच. सूर्य मावळायच्या आत सायकल गावात हवी.

हंगामाचाही हिशेब हवा. काळ्या मातीत अवकाळी पाऊस पडला की पांदण रस्त्यावरचा चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये असा बसतो की सायकल ढकलतासुद्धा येत नाही. काटकीने तो उकरत बसावे लागते. डिसेंबर-जानेवारी सर्वांत बरे. तूर उभी असते, पऱ्हाटीत वेचा चालू असतो, हवेत गारवा असतो. बाभळीचे काटे मात्र बारमाही. पंक्चर ट्यूबला ठिगळ लावण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून मोडलेले टोक काढले नाही, तर तोच काटा दहा मिनिटांत दुसरे भोक पाडतो. शेवटच्या दिवसासाठी एक कोरी ट्यूब राखून ठेवावी.

पोचल्यावर सायकल खाली लावून टेकडी पायी चढलेलीच बरी. सतत एकाच चालीने काम केलेल्या मांड्यांना आणि हँडलवर वाकलेल्या पाठीला चालण्याने सैल व्हायला अवसर मिळतो. करंगळी आणि तिच्याशेजारचे बोट बधिर झाले असेल, तर हँडलवर तळव्याखाली दबलेली नस त्याला कारण असते. ते बहुधा आपोआप बरे होते, पण कधी कधी काही आठवडे घेते. भूक मात्र प्रवास संपला हे लवकर मान्य करत नाही. घरी परतल्यावरही सायकलवरच्याच मापाने जेवण चालू राहिले, तर कमावलेला हलकेपणा पंधरवड्यात जातो.

राहता राहिले परतणे. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली आणि उमरेडला येणारी ती संथ, सोयीची गाडी गेली. दुसऱ्या बाजूला हिंगणघाट हे वर्धा-बल्लारशा मार्गावरचे स्थानक आहे. सायकल रेल्वेने न्यायची तर ती लगेज किंवा पार्सल म्हणून नोंदवून ब्रेकव्हॅनमध्ये चढवावी लागते आणि जिथे गाडी दोनच मिनिटे थांबते तिथे ते जमेलच असे नाही. चौकशी आधी करावी. नाही जमले तर सायकल चालवत नागपूर गाठावे आणि शेवट तिकडे न्यावा.