व्याख्याने वऱ्हाडातच हवीत



‘इंजिनिअरांच्या सभा नागपूर-पुण्यात होतात तेवढ्या पुरेत’ हे वाचकपत्रातील मत मला मुळीच मान्य नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. त्या कामाची चर्चा इथेच व्हायला हवी. पूर्णाकाठचा खारपाणपट्टाही आमचाच: विहिरींना खारे पाणी, पावसात फुगणारी अन् उन्हाळ्यात भेगाळणारी काळी माती. तिथे पाया कसा घ्यावा, हे दर्यापूर-मूर्तिजापूरच्या साइटवरल्या तरुण अभियंत्याला रजा न टाकता ऐकता आले पाहिजे. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सने १५ सप्टेंबरच्या अभियंता दिनी अकोल्यात याच विषयावर व्याख्यान ठेवावे, ही विनंती.

— एक स्थापत्य अभियंता, अकोला