बीडमध्ये यंदा दसरा-दिवाळी उशिरा: उत्सवांच्या गर्दीत ऊसतोड मजूर असतील का?

बीड जिल्ह्यात दसऱ्यापासून महाशिवरात्रीपर्यंत कार्यक्रमांची रांगच लागते. सावरगाव आणि नारायणगडावरचा दसरा, कपिलधारची यात्रा, अंबाजोगाईचा यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह, योगेश्वरी देवीचा मार्गशीर्ष उत्सव आणि शेवटी परळीची महाशिवरात्र.

पण याच काळात जिल्ह्यातली लाखो माणसं जिल्ह्यात नसतात. ती पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडत असतात. 2026 मध्ये तर अधिक महिन्यामुळे सगळे सण उशिरा आले आहेत. त्यामुळे यंदा अनेकांची दिवाळीही उसाच्या फडात जाण्याची शक्यता आहे. हे नेमकं कशामुळे आणि त्यावर काही मार्ग आहे का?

कोणता कार्यक्रम कधी?

यंदा दसरा 20 ऑक्टोबरला आहे. पाटोदा तालुक्यातलं सावरगाव घाट हे संत भगवानबाबांचं जन्मगाव. 2017 पासून पंकजा मुंडे यांचा दसरा मेळावा इथे होतो, त्याआधी तो भगवानगडावर व्हायचा. 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नारायणगडावर 2024 च्या दसऱ्याला मनोज जरांगे यांचा मेळावा झाला. त्यामुळे बीडचा दसरा धार्मिक आहे तितकाच राजकीयही आहे.

दिवाळीचं लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. 24 नोव्हेंबरला कार्तिक पौर्णिमा. त्या दिवशी मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी महाराष्ट्रासह कर्नाटक आणि तेलंगणातूनही दिंड्या येतात.

दुसऱ्याच दिवशी, 25 नोव्हेंबरला यशवंतराव चव्हाणांचा स्मृतिदिन. अंबाजोगाईत 25 ते 27 नोव्हेंबर या तीन दिवसांत त्यांच्या नावाचा समारोह भरतो. त्यात साहित्य, शास्त्रीय संगीत आणि चित्रकला असतेच, शिवाय शेतीवरही चर्चा होते. तालुक्याच्या गावात जवळपास चार दशकं टिकलेले असे कार्यक्रम महाराष्ट्रात मोजकेच असतील.

मार्गशीर्ष पौर्णिमा 23-24 डिसेंबरला आहे. योगेश्वरी देवीचा हा मोठा उत्सव. कोकणातल्या अनेक घराण्यांची ही कुलदेवता असल्याने मुंबई-पुण्याकडूनही भाविक येतात. 6 मार्च 2027 ला महाशिवरात्र. परळी वैजनाथला आणि बीड शहरातल्या कंकालेश्वर मंदिरात तेव्हा मोठी गर्दी होते.

अंबाजोगाईचं महत्त्व काय?

मराठीतले आद्यकवी मानले जाणारे मुकुंदराज यांची समाधी अंबाजोगाईजवळ आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके 1110, म्हणजे इसवी सन 1188 चा मानला जातो. त्याच्या काळाबद्दल आणि स्थळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, विदर्भातल्या आंभोऱ्याचाही दावा आहे. इथलेच दासोपंत (1551-1615) यांनी लांबलचक कापडावर ग्रंथरचना केली. ती 'पासोडी' म्हणून प्रसिद्ध आहे.

1983 चं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अंबाजोगाईत झालं होतं, अध्यक्ष होते व्यंकटेश माडगूळकर. 2009 चं नाट्य संमेलन बीडमध्ये झालं, त्याचे अध्यक्ष होते रामदास कामत. बीडची बातमी बहुतेक वेळा दुष्काळ, स्थलांतर आणि गुन्हेगारीमुळे होते. जिल्ह्याची ही दुसरी ओळख त्यामागे झाकली जाते.

सण उशिरा का आले?

चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं असतं, सौर वर्ष 365 दिवसांचं. दरवर्षी पडणारा अकरा दिवसांचा फरक भरून काढण्यासाठी सुमारे पावणेतीन वर्षांनी पंचांगात एक जादा महिना धरतात. तोच अधिक मास. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून हा अधिक ज्येष्ठ होता. त्यामुळे पुढचे सगळे सण पुढे सरकले.

योगायोग म्हणजे अधिक महिन्याची एक मोठी यात्रा बीड जिल्ह्यातच भरते. माजलगाव तालुक्यात गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीला पुरुषोत्तमाचं मंदिर आहे, आणि अधिक मासालाच पुरुषोत्तम मास म्हणतात. ही यात्रा उन्हाळ्यात आली, तेव्हा मजूर गावातच होते. पण ज्या महिन्याने ही यात्रा दिली, त्यानेच दिवाळी मात्र पुढे ढकलली.

दिवाळी आणि गाळप हंगामाचा मेळ

साखर कारखान्यांचा हंगाम कधी सुरू करायचा, हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ठरवते. ही तारीख इंग्रजी कॅलेंडरवर ठरते आणि दिवाळी पंचांगावर. मागची तीन वर्षं पाहिली तर फरक कळतो.

- 2023: अधिक श्रावणाचं वर्ष. हंगाम 1 नोव्हेंबरला, दिवाळी 12 नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळी हंगाम सुरू झाल्यावर.
- 2024: दिवाळी 1 नोव्हेंबरला, हंगाम 15 नोव्हेंबरला. दिवाळी घरी.
- 2025: दिवाळी 21 ऑक्टोबरला, हंगाम 1 नोव्हेंबरला. दिवाळी घरी.

2026 ची दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे. हंगाम पुन्हा 1 नोव्हेंबरला सुरू झाला, तर 2023 चीच गत होईल. मजुरांना गाळपाच्या काही दिवस आधी निघावं लागतं, त्यामुळे दसरा झाला की लगेच गाड्या भरायला सुरुवात होईल.

मजूर सुट्टी का घेऊ शकत नाहीत?

नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. हंगामाआधी मुकादमाकडून 'उचल' घेतलेली असते आणि ती तोडणीतून फेडायची असते. मजुरी टनावर मिळते. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, पण पद्धत तीच राहिली. ज्या दिवशी ऊस तोडला नाही, त्या दिवसाचे पैसे नाहीत. शिवाय एक कोयता गेला की टोळीचं काम अडतं. म्हणून कोल्हापूरहून कपिलधारला दोन दिवस येणंही परवडत नाही.

याचा परिणाम गावातही दिसतो. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेसाठी ठेवलेली मुलं. भजनी मंडळात टाळ धरणारे हात कमी होतात.

मग त्यांचे सण कोणते?

हंगाम साधारण मार्चपर्यंत, ऊस जास्त असला तर एप्रिलपर्यंत चालतो. मजूर परतले की गावं पुन्हा भरतात. लग्नं, गावच्या जत्रा आणि सप्ताह याच काळात होतात. भगवानगड आणि गहिनीनाथगडाचे नारळी सप्ताह एप्रिलच्या सुमारास होतात आणि दरवर्षी वेगळ्या गावाला मान मिळतो. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याला चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते, तिथे बीडचे भाविकही जातात. म्हणजे कष्टकऱ्यांनी आपलं कॅलेंडर आधीच कोयत्याभोवती जुळवून घेतलं आहे.

मात्र संगीत, साहित्य, नाटक, चित्रप्रदर्शन यांचं तसं झालेलं नाही. ते हिवाळ्यात होतात, कारण तेव्हा हवा चांगली असते, कलाकार मिळतात आणि स्मृतिदिन ठरलेले असतात.

काय करता येईल?

हंगाम दिवाळीनंतर सुरू करणं हा एक मार्ग, पण तो सोपा नाही. उशीर झाला तर शेतकऱ्यांचा ऊस उभा राहतो, सीमेपलीकडचे कर्नाटकातले कारखाने आधी सुरू झाले तर ऊस आणि मजूर दोन्ही तिकडे जातात. दुसऱ्या बाजूला, फार लवकर तोडलेल्या उसाला साखरेचा उतारा कमी मिळतो. त्यामुळे आठवडाभराच्या फरकावर चर्चा होऊ शकते.

यात्रा तिथीला बांधलेल्या असतात, त्या हलवता येत नाहीत. संगीत सभा किंवा प्रदर्शनाचा एखादा भाग मात्र एप्रिल-मे महिन्यात गावांत नेता येतो. गावी राहिलेल्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे. नोव्हेंबरच्या कार्यक्रमांना या मुलांना आणणं तुलनेने सोपं आहे, त्यासाठी एक बस आणि एक शिक्षक पुरेसा असतो.

तोवर लक्ष राहील ते मंत्री समितीच्या बैठकीकडे. दिवाळीचे दिवे बीडच्या किती घरांत लागणार आणि किती उसाच्या फडाशेजारच्या कोपींवर, याचं उत्तर बरंचसं त्या एका तारखेत असेल.