गेममधलं गणित फळ्यावर आणा, आणि क्रेटचा हिशेबही

पालकसभेत हल्ली एक तक्रार हमखास ऐकू येते. "सर, दिवसभर मोबाईलवर गेम चालू असतो, गणिताचं पुस्तक मात्र उघडत नाही." त्यावर आपल्यातलेच काही शिक्षक पालकांची समजूत घालतात, "अहो, गेममध्येसुद्धा गणितच असतं. थोडं खेळू द्या."

ही समजूत मला पटत नाही. गेममध्ये गणित असतं हे अगदी खरं आहे, पण ते गणित मोबाईल करतो, मूल करत नाही. मिक्सरमध्ये मोटर असते म्हणून चटणी वाटणाऱ्याला मोटर दुरुस्त करता येत नाही. गेम खेळून बोटं चपळ होतील, नजर तयार होईल, पण निर्देशक भूमिती येणार नाही. ती यायची तर गेमचं झाकण कुणीतरी उघडून दाखवावं लागतं. आणि ते काम आपलं, म्हणजे शिक्षकांचं आहे. त्यासाठी संगणक कक्ष लागत नाही. फळा, खडू आणि आलेख कागद पुरतो.

दहावीतलं अंतराचं सूत्र घ्या. "सर, याचा उपयोग काय?" हा प्रश्न इथे ठरलेलाच. समजा, गेममधला खेळाडू (१२०, ८०) या बिंदूवर आहे आणि नाणं (१५०, १२०) वर. खेळाडूने नाण्याला स्पर्श केला की नाही? मोबाईलला डोळे नाहीत, त्याच्याकडे फक्त आकडे आहेत. आडवं अंतर ३०, उभं अंतर ४०, म्हणून सरळ अंतर ५०. पायथागोरसच! आता खेळाडूभोवती २० त्रिज्येचं आणि नाण्याभोवती २५ त्रिज्येचं वर्तुळ आहे असं धरा. त्रिज्यांची बेरीज ४५. अंतर ५०, म्हणजे स्पर्श झाला नाही, नाणं मिळालं नाही. ("मी टच केला होता" असं मुलं ओरडतात तेव्हा बऱ्याचदा भांडण या न दिसणाऱ्या वर्तुळांशी असतं.)

इथे एक गंमत आहे, ती वर्गात जरूर सांगा. बऱ्याच गेममध्ये चित्र सेकंदाला ६० वेळा नव्याने काढलं जातं. पडद्यावर ५० वस्तू असतील तर त्यांच्या जोड्या होतात १२२५. प्रत्येक जोडी दर वेळी तपासायची म्हटली तर सेकंदाला ७३,५०० वेळा पायथागोरस! त्यात वर्गमूळ काढणं हे त्यातल्या त्यात वेळखाऊ काम. म्हणून गेम बनवणारे इथे वर्गमूळ काढतच नाहीत. ३० चा वर्ग अधिक ४० चा वर्ग म्हणजे २५००, आणि ४५ चा वर्ग २०२५. दोन वर्गांचीच तुलना करायची, काम झालं. 'पायऱ्या वाचवा' असं आपण मुलांना सांगतो, तर हे त्याचं उत्तम उदाहरण आहे.

पण वर्गमूळ प्रत्येक ठिकाणी टाळता येत नाही. भिंतीवर प्रकाश किती तिरका पडतो यासारख्या हिशेबांत ते लागतंच, तेही भागाकारात. १९९९ साली 'क्वेक थ्री अरीना' नावाचा गेम आला. २००५ मध्ये त्याचा प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा त्यात या कामाची एक युक्ती लोकांना दिसली. एक विचित्र ठरावीक संख्या वापरून आधी उत्तराचा चांगला अंदाज करायचा आणि मग न्यूटनच्या पद्धतीने तो एकदाच सुधारायचा. एवढ्यावर चूक ०.२ टक्क्यांच्या आत येते. आपल्या मुलांना त्याच जातीची रीत हाताने करता येते. १० चं वर्गमूळ हवंय. अंदाज ३. दहाला तिनाने भागलं की ३.३३३३. दोन्हींची सरासरी ३.१६६७. पुन्हा तेच केलं की ३.१६२३. चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर, फक्त दोन फेऱ्यांत. भागाकार पद्धतीला कंटाळलेली आठवीची मुलंसुद्धा यावर खूश होतात.

उडी हा तर अंकगणिती श्रेढीचा धडाच आहे. अनेक साध्या गेममध्ये उडी अशी चालते: पहिल्या चित्रात पात्र १२ एकक वर जातं, पुढच्यात ११, मग १०, ९... गुरुत्वाकर्षण दर वेळी वेगातून १ वजा करतं. सर्वात उंच किती जाईल? १२ + ११ + ... + १ = ७८. आता मुलांना विचारा, सुरुवातीचा वेग दुप्पट म्हणजे २४ केला तर उंची किती होईल? बहुतेक जण दुप्पट म्हणतात. उत्तर येतं ३००, म्हणजे जवळजवळ चौपट. हे का होतं, यावर एक तास सहज जातो आणि तो तास वाया जात नाही.

त्रिमितीतली माणसं, गाड्या, डोंगर बहुतेक करून छोट्या छोट्या त्रिकोणांनी बनतात, कारण तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात, चार असतीलच असं नाही. हे एवढं सांगितलं तरी शाळेत त्रिकोणाला इतकं महत्त्व का, ते मुलांना वेगळ्या बाजूने दिसतं.

इथपर्यंतचं गणित आवडीचं आहे. शिकवलं तर छान, नाही शिकवलं तर मुलांचं फार बिघडणार नाही. पण गेममधला एक धडा असा आहे की तो शिकवला नाही तर घरातले पैसे जातात. तो म्हणजे संभाव्यता.

अनेक गेममध्ये क्रेट, लूट बॉक्स, लकी स्पिन असं काहीतरी असतं. पैसे भरायचे, पेटारा उघडायचा, आत काय निघेल ते नशीब. भारी बंदूक किंवा भारी पोशाख निघण्याची शक्यता, समजा, १ टक्का आहे. मुलाचा हिशेब सरळ असतो: शंभरात एक, म्हणजे शंभर पेटारे उघडले की मिळणारच. नव्वद रिकामे गेले की "आता तर आलंच पाहिजे" म्हणून आणखी दहा. हा हिशेब चुकीचा आहे. तो चुकीचा कसा हे आपण वर्गात दाखवत नाही, याचं मला वाईट वाटतं. पत्ते, फासे आणि नाणी यांवरची चार गुणांची उदाहरणं सोडवून आपण धडा संपवतो.

लूडोचा फासा घ्या. सहा येण्याची शक्यता एक षष्ठांश. "सहा वेळा टाकला तर एकदा तरी सहा येईलच ना?" असं विचारलं की निम्मा वर्ग 'हो' म्हणतो. मग प्रत्येकाला सहा वेळा फासा टाकायला लावा. चाळीस मुलांच्या वर्गात साधारण तेरा जणांना एकदाही सहा येत नाही. एखाद्या वेळी दहा, एखाद्या वेळी सोळा, पण शून्य जवळपास कधीच नाही. कारण एका टाकीत सहा न येण्याची शक्यता ५/६ आणि ती सहा वेळा गुणली की ०.३३. पेटाऱ्याचंही तसंच. ०.९९ ला स्वतःशी शंभर वेळा गुणलं की ०.३६६ येतं. म्हणजे प्रत्येकी शंभर पेटारे उघडणाऱ्या शंभर मुलांपैकी सुमारे सदतीस मुलांना ती वस्तू मिळतच नाही. पेटारा पन्नास रुपयांना धरला तर त्या प्रत्येकाचे पाच हजार गेले. आणि एकशे एकाव्या पेटाऱ्याला आधीचे शंभर आठवत नाहीत, तिथे शक्यता पुन्हा एक टक्काच. काही गेममध्ये 'इतके पेटारे उघडले की नक्की मिळेल' असा नियम असतो, पण मग तो आकडा गाठायला किती रुपये लागतील हा साधा गुणाकार आहे, तोही मुलाकडूनच करून घ्यावा.

हे मी उगाच वाढवून सांगत नाही. चीनने २०१७ पासून अशा पेटाऱ्यांमधल्या शक्यता जाहीर करणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्याच वर्षाच्या शेवटी ॲपलनेही आपल्या ॲप स्टोअरसाठी तसा नियम आणला. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायचे पेटारे जुगारातच धरले. पण शक्यता जाहीर करून काय उपयोग, जर वाचणाऱ्याला '१ टक्का' म्हणजे काय हे कळत नसेल? तो आकडा कुठेतरी बारीक अक्षरात असतो, आणि तो वाचायला शिकवणारी एकच जागा आहे, ती म्हणजे आपला गणिताचा तास.

मोबाईल हिसकावून घेणाऱ्या पालकांचा राग मी समजू शकतो, पण त्याने हिशेब कळत नाही. पुढच्या वेळी मुलगा किंवा मुलगी "बाबा, फक्त पन्नास रुपये टाका ना" म्हणाली की लगेच नाही म्हणू नका आणि लगेच यूपीआयही करू नका. आधी विचारा, "हवी ती वस्तू निघायची शक्यता किती लिहिली आहे, दाखव." ती शोधायलाच दहा मिनिटं जातील. सापडली की वही काढा. किती पेटारे, किती रुपये, आणि एवढं करूनही न मिळण्याची शक्यता किती, हे तीन आकडे त्यालाच किंवा तिलाच लिहू द्या.