हरवलेल्या फॉन्टचा इतिहास कोण लिहिणार?

१/ ‘संगणक इंग्रजीसाठीच घडला, म्हणून मराठी मागे पडली’ हे विधान अर्धसत्य आहे. उरलेले अर्धे आपल्याला गैरसोयीचे आहे.

२/ संगणक अक्षर नव्हे, क्रमांक साठवतो. १९६३ च्या ‘ॲस्की’ संकेतात सात बिटांचे १२८ क्रमांक होते. रोमन कॅपिटल ‘ए’ला ६५, म्हणजे द्विमान पद्धतीत १०००००१. देवनागरीला त्यात जागा नव्हती, हे खरेच.

३/ परंतु १९९१ मध्ये ‘इस्की’चे भारतीय मानक आले आणि युनिकोडची पहिली आवृत्तीही. युनिकोडमध्ये ‘क’ला स्वतःचा क्रमांक मिळाला : २३२५.

४/ तरीही पुढे कित्येक वर्षे आपण रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे चिकटवणारे फॉन्ट वापरत राहिलो. कागदावर मराठी, फाइलमध्ये निरर्थक रोमन. अशा मजकुरात ‘शिवाजी’ शोधले तर सापडत नाही.

५/ मोडी वाचणारे उरले नाहीत म्हणून आपण हळहळतो. पण मोडी आजही शिकता येते. हरवलेला फॉन्ट कोठून शिकणार?

६/ जुन्या फाइली युनिकोडमध्ये आणणे शक्य आहे. ते टाळणाऱ्या संस्थांनी दप्तरे जपल्याचा अभिमान मिरवू नये.