ऑपरेशन झालं, पण घरी यायचं कसं?

हृदयाची झडप बदलायची म्हटली की घरात दोनच प्रश्न निघतात. पैसा कुठून आणायचा आणि माणूस वाचेल का? दोन्ही प्रश्न रास्तच आहेत. पण वाचलेला माणूस मुंबई-पुण्याहून जळकोटच्या वस्तीत आणायचा कसा आणि आणल्यावर त्याला जपायचं कसं, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. तो ऑपरेशनच्या आधीच विचारला पाहिजे, असं आमचं ठाम मत आहे. त्यामागे आमच्या वस्तीतलाच एक अनुभव आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या ओळखीची एक ताई, वय तिशीच्या आत, रोजानं शेतात जाणारी. लहानपणी घसा दुखून ताप आला, मग गुडघे-कोपर सुजले. अंगारा-धुपारा झाला, चार गोळ्या झाल्या, सूज उतरली, सगळे विसरले. पण त्या तापानं जाताना हृदयाची झडप खराब केली होती. दाटीच्या घरात एकाचा घसा दुसऱ्याला लागतो, म्हणून हा आजार गरिबाच्याच वस्तीत जास्त सापडतो. पुढं तिला दोन पायऱ्या चढल्या तरी दम लागू लागला. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात योजनेतून ऑपरेशन झालं, धातूची झडप बसली.

आठव्या दिवशी दुपारी तिला सांगितलं, "सुट्टी झाली, बेड खाली करा." सोबत नवरा आणि सासू. संध्याकाळी एसटीचा मागचा बाक मिळाला. रात्रभर खड्डे, सकाळी सोलापूर, पुन्हा दुसरी गाडी. जळकोटला हायवेवर उतरली आणि खांद्याला पिशवी अडकवून वस्तीपर्यंत चालत आली.

आम्ही तिला भेटायला गेलो. टाके पाहिले, जखम कोरडी होती, बरं वाटलं. चहा घेऊन परत आलो. गोळ्यांची पिशवी मात्र मागितली नाही. दवाखान्यानं दिलेल्या गोळ्या दहा दिवसांत संपल्या. कागद इंग्रजीत होता. रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यायची असते, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी हातातला चहाचा कप निसटला आणि जीभ जड झाली. सोलापूरला नेलं, जीव वाचला. पण उजव्या हातात आजही खुरपं धरवत नाही. ती एवढंच म्हणाली, "गोळ्या सरल्या व्हत्या ताई. बरं वाटत व्हतं, म्हणलं आता कशाला."

वस्तीत लोक म्हणाले, तिनंच हयगय केली. आम्हाला हे मान्य नाही. जिला कोणी समजावून सांगितलंच नाही, तिच्यावर हयगयीचा ठपका कसा ठेवायचा? चूक सुट्टी देणाऱ्यांची आहे आणि नर्सिंग शिकूनही पिशवी न तपासणाऱ्या आमचीही आहे.

सुट्टीचा कागद मराठीत समजून घ्या

धातूची झडप टिकाऊ असते, पण तिच्यावर रक्त गोठू शकतं. गुठळी झाली तर झडप अडकते, किंवा गुठळी मेंदूत जाऊन लकवा होतो. ते टाळण्यासाठी वॉरफेरिन किंवा ॲसिट्रोमसारखी गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. म्हणून पीटी-आयएनआर ही रक्ताची तपासणी सुरुवातीला वरचेवर आणि पुढं साधारण महिन्याला करावी लागते. तुमचा आकडा किती हवा, हे डॉक्टरकडून कागदावर लिहूनच घ्या.

आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं झडप तयार केली आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा रुग्णाला बसवली. त्यामुळं परदेशी झडपेपेक्षा कमी किमतीत झडप मिळू लागली. झडप गरिबापर्यंत आली, पण ती सांभाळायची माहिती वस्तीपर्यंत आली नाही. आमची तक्रार हीच आहे.

म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी सिस्टरला गाठा. सिस्टर घाईत असतात, आम्हीही त्या घाईत नोकरी केली आहे. तरी लाजू नका. कोणती गोळी, किती वाजता, किती दिवस? एखादी चुकली तर काय करायचं? आयएनआर कधी आणि कुठं? फोन कोणाला करायचा? घरातल्या शिकलेल्या पोराला हे वहीत मराठीत लिहायला लावा. दहा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या असतील तर सातव्या दिवशीच पुढच्या आणा.

वाटखर्च हा उपकार नाही

आपल्या राज्याची आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिबा फुले यांच्या नावानं चालते. तिच्या पॅकेजमध्ये उपचार, दाखल असतानाचं जेवण, सुट्टीनंतर दहा दिवसांची औषधं आणि दवाखान्यापासून घरापर्यंतचं एकवेळचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं धरलेलं आहे. किती जणांनी ते मागितलं? दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. दाद लागली नाही तर १५५३८८ या क्रमांकावर फोन करा. हृदयाच्या ऑपरेशनसाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या तिकिटातही सवलत आहे, त्यासाठी दवाखान्याचा दाखला लागतो. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे.

पण छातीचं हाड कापलेल्या माणसाला एसटीचं भाडं देऊन सरकारची जबाबदारी संपते का? १०८ची गाडी तातडीच्या वेळेसाठी आहे, ती घरी सोडायला येत नाही. पण सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईला घरी सोडायची मोफत सोय २०११ पासून आहे, आणि ती योग्यच आहे. मग हृदयाच्या रुग्णाला ती का नसावी? निदान शंभर किलोमीटरच्या पलीकडं जाणाऱ्या रुग्णाला तरी गाडी मिळाली पाहिजे, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे.

मागणी पुरी होईपर्यंत

तोवर आपली तयारी आपणच करायची आहे. ऑपरेशनची तारीख मिळाली त्याच दिवशी परतीचा माणूस ठरवा. सामान उचलणारा एक आणि रुग्णाला धरणारा एक, असे दोघं हवेत. त्याच शहरात नातेवाईक असतील तर चार दिवस तिथं थांबता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. सोलापूरपर्यंत रेल्वे बरी, पण खालचा बर्थ हवा. सोलापूरहून पुढं वस्तीतल्या चार घरांनी मिळून जीप करावी. मोटारसायकल आणि टमटम नकोच. गाडीत मागं बसवा, छाती आणि पट्ट्याच्या मधे उशी ठेवा. खोकला आला तर तीच उशी छातीशी घट्ट धरायची. तासा-दीड तासानं गाडी थांबवून पाच मिनिटं चालवा, म्हणजे पायात रक्त साकळत नाही. गोळ्या, कागद आणि पाणी हातातल्या पिशवीत ठेवा, टपावरच्या बॅगेत नाही.

घरी हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर हंडा, कळशी, लेकरू, धुण्याची बादली काही उचलायचं नाही. हे सुनेला नाही, सासूला आणि नवऱ्याला सांगायचं आहे. आपल्यात बाई उठून बसली की बरी झाली, असं धरतात. झोपायला खाट द्या, खाली अंथरुणावरून हातावर जोर देऊन उठू देऊ नका. पालेभाजी बंद करायची नाही, पण एका आठवड्यात रोज आणि दुसऱ्यात अजिबात नाही, असंही करायचं नाही. मेडिकलमधून मनानं दुखण्याची गोळी घ्यायची नाही. गावातल्या डॉक्टरनं सुई काढली तर आधी रक्त पातळ करायची गोळी चालू असल्याचं सांगा. दात काढायचा असेल, मूल हवं असेल किंवा पाळी चुकली असेल, तर लगेच हृदयाच्या डॉक्टरला कळवा. ही गोळी पोटातल्या बाळाला घातक ठरू शकते.

ताप, जखमेतून पाणी, छातीत कटकट आवाज, वाढता दम, पायावर सूज, काळी शौच, तोंड वाकडं होणं, जीभ जड होणं. यातलं एक दिसलं तरी सकाळची वाट पाहू नका, १०८ला फोन करा.

आणि एक मागणी. आयएनआरसाठी बाईनं दर महिन्याला रोज बुडवून सोलापूरला जायचं, हे चालणार नाही. ही तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोफत आणि नेमानं झाली पाहिजे. ग्रामसभेत हा ठराव मांडा, अर्जाची पोच घ्या.

आमच्या वस्तीत आता महिला मंडळानं एक वही केली आहे. कोणाचं ऑपरेशन झालं, गोळी किती दिवसांची आहे, तपासणी कधी आहे, हे तिच्यात लिहिलेलं असतं. रविवारी विहारात वंदना झाली की वही उघडते. कोणी भेटायला गेलं तर फळं नेवोत न नेवोत, गोळ्यांची पिशवी उघडून बघायचीच, असा नियम आहे. त्या ताईनंच तो घालून दिला. वही तीच सांभाळते, डाव्या हातानं लिहिते.