वस्तऱ्याची धार व हाताची किंमत

मावळांत, आमच्या आंबीकडे, नाभिक बांधवांच्या घरीं वाडवडिलांची धोकटी कोठें कोठें अजून खुंटीस असते. आंतला वस्तरा मात्र गंजला म्हणून भंगाराच्या भावानें जातो. हें आम्हांस बरें दिसत नाहीं.

गंज चढला म्हणजे वस्तरा मेला असें नव्हे. तेल लावून बारीक पॉलिशकागदानें पातें पुसावें. धारेलाच खोल खड्डे पडले असतील तरच आशा सोडावी. फिरत्या चाकावर तें धरूं नये. पोलाद तापून निळें पडतें व त्याचें पाणी उतरतें. बारीक दगडावर पाठ व धार दोन्ही टेकवून, धार पुढें ठेवून घांसावें. चामड्याच्या पट्ट्यावर उलट, पाठ पुढें. आम्ही शिक्षक जें फळ्यावर सांगतों, तें ज्याच्या बोटांत आहे त्यास अडाणी कोणीं म्हणावें?

1890 सालीं 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें मुंबईच्या न्हाव्यांनीं ब्राह्मण विधवांचें केशवपन करण्यास नकार दिला. वस्तरा कोठें चालवावयाचा नाहीं, हें ठरविणारा कारागीर कोणाचा ताबेदार राहत नाहीं.

दुकानांत गिऱ्हाइकागणिक नवें पातेंच हवें. रक्तावाटे काविळीचे विषाणू पसरतात, तेथें हट्ट नको. पण घरचा वस्तरा एकानें आपल्यापुरता वापरावा, आणि त्यास धार लावण्याची विद्या मुलामुलींस शिकवावी. बांधवहो, पिढ्यांचा हुन्नर किलोच्या भावानें घालवूं नका!