सेन्सर गेला म्हणे!

दिवाळीच्या मागेपुढे सावली तालुक्यात धानावर थ्रेशर फिरू लागले की मूल-गडचिरोली रस्त्यावरची हवा तुसाने आणि धुळीने भरून जाते. माणूस तोंडाला रुमाल तरी बांधतो. गाडीला सारा भरवसा एअर फिल्टरचा, आणि तो कोण वेळेवर बदलतो? मग एक दिवस पिवळा दिवा लागतो, गाडी पिकअप घेत नाही. गॅरेजात स्कॅनर लावला जातो, 'पी 0101' असा काहीसा कोड येतो आणि निकाल लागतो: सेन्सर गेला, नवा टाका.

गेला की मळला? कोडला ते ठाऊक नसते. हवेचे माप जुळत नाही, एवढीच त्याची तक्रार. पुष्कळ डिझेल गाड्यांत फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा हा सेन्सर बसतो. त्यात केसासारखी तापलेली तार किंवा पातळ पट्टी असते. आत जाणारी हवा तिला किती थंड करते, यावरून हवा किती गेली ते मोजले जाते. मळाचा थर चढला की माप कमी भरते. हा थर काढायला खास स्प्रे मिळतो. डबा शेकड्यांत, सेन्सर हजारांत. सेन्सर सोडवायचा, लांबून फवारायचा, पुरता वाळू द्यायचा. फडके, ब्रश आणि कॉम्प्रेसरची हवा मात्र दूर. तार तुटली तर नवा घ्यावाच लागेल. आणि उंदराने कुरतडलेली वायर किंवा पाइपची फट तशीच राहिली, तर नव्या सेन्सरनेही दिवा विझणार नाही.

सगळेच सेन्सर धुऊन जिवंत होत नाहीत, हेही खरे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर बाद झाला की बदलणेच बरे. पण ते ठरवायला इंजिन चालू ठेवून स्कॅनरवर आकडे बघावे लागतात, नुसता कोड वाचून भागत नाही.

मिस्त्रीला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 निकष आले, इंजिनभोवती सेन्सर वाढले; ते तपासण्याची विद्या गावच्या गॅरेजापर्यंत कोणी पोचवली? सुटे भाग आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल स्पर्धा आयोगाने 2014 साली 14 मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून अधिक दंड सुनावला. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टलही काढले. पोर्टलने तार साफ होत नाही.

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या पोरांच्या हाती चालू इंजिनाचे आकडे दाखवणारा स्कॅनर द्या. आणि गाडीमालकाने बिल चुकते करण्याआधी दोनपैकी एक गोष्ट मागावी: साफ करण्याआधीचे आणि नंतरचे माप, नाहीतर काढलेला जुना सेन्सर.